घोड नदीपलीकडचा ‘ह’

बोरीला एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. घरातले म्हातारे आदल्या दिवशी गेले होते. ओसरीवर सतरंजी टाकलेली, माणसं भिंतीला टेकून गप्प बसलेली. थोरला मुलगा हुंदका आवरत सांगत होता, “काय सांगू बाई, सकाळी च्या पिऊन वट्याव बसलं व्हतं, अन् बसल्या जागीच गेलं.” प्रमिलाबाई पुढे झुकल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “परत म्हण.”

तो बिचारा परत म्हणाला, परत रडला. मी बाईंच्या कोपराला चिमटा काढला. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बाहेर चपला घालताना मी रागावून बोलले, तर बाई म्हणाल्या, “अगं, ‘ओट्यावर’चं ‘वट्याव’ इतकं स्वच्छ मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि त्यालाही सांगायचंच होतं. बाकी सगळे त्याला ‘आता रडू नको’ म्हणत होते. परत सांग म्हणणारी मी एकटीच.” पुढे तो मुलगा बाजारात भेटला की आवर्जून विचारायचा, “बाई कश्या हायेत? लई मायाळू बाई.”

डॉ. प्रमिला कोरडे मूळच्या पिंपरी पेंढारच्या. पुण्यात आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवलं, म्हणजे माणूस बोलतो तेव्हा जीभ, ओठ, घसा नेमकं काय करतात ते. लग्न केलं नाही. “मला नवऱ्याचं बोलणं कमी आणि उच्चार जास्त ऐकू आले असते,” असं कारण त्या द्यायच्या. निवृत्त झाल्यावर गावी परत आल्या आणि त्यांनी ठरवलं, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली माणसं जशी बोलतात तशी, एक अक्षर न सुधारता, जपून ठेवायची. कुठल्याशा संस्थेनं थोडी मदत केली आणि वारूळवाडीला बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बाईंचं कार्यालय सुरू झालं.

मी तेव्हा एका पतसंस्थेत संगणकावर बसत होते. बाईंकडे माणूस हवं आहे असं कळलं म्हणून गेले. संगणकातलं काय काय येतं ते मनात घोळवत जिना चढले. बाईंनी विचारलं, “गाव?” म्हटलं, “बोरी बुद्रुक.” “तुझी आजी शेळीला पिकातनं कशी हाकलते?” मी लाजत लाजत तो आवाज काढला. बाई म्हणाल्या, “परत म्हण.” दुसऱ्यांदा मी मोकळ्या गळ्यानं काढला, तेव्हा खालचे दुकानदार शेळी कुठून शिरली ते बघायला काठी घेऊन वर आले. मला नोकरी मिळाली.

माझ्याआधीपासून तिथे विलास होता. घोड नदीपलीकडच्या एका वाडीतला, मेंढपाळांच्या घरातला. घरच्यांनी आता बरीचशी शेतीच धरलेली, पण चुलतीकडे अजून मेंढरं होती. मराठीत एम.ए. झालेला, आणि संगणकाची भाषा आपली आपण शिकलेला. स्वभावानं शांत. बाईंचं बोलणं तो मान खाली घालून ऐकायचा आणि मग हळूच काहीतरी पुटपुटायचा. ते मला ऐकू यायचं, बाईंना नाही.

काम समजायला सोपं होतं, करायला किचकट. गावोगाव जाऊन माणसांना बोलतं करायचं. तो आवाज संगणकात घेतला की पडद्यावर त्याचं चित्र उमटतं. राखेनं सारवल्यासारखे काळे-करडे पट्टे. त्या चित्राखाली रिकाम्या ओळी असतात. ओळीत एकेका शब्दाची चौकट आखायची, शब्द इथे सुरू झाला, इथे संपला, आणि चौकटीत तो शब्द लिहायचा. आवाजाची एक फाईल, लिहिलेल्याची दुसरी. मी आणि विलास चौकटी भरायचो, उन्हाळ्यात पुण्याहून मदतीला कुणी आलं तर तेही, आणि बाई कानाला हेडफोन लावून एकूण एक फाईल तपासायच्या आणि शेवटी ‘तपासलं, प्र. को.’ असा शेरा टाकायच्या. त्यांचे दोन मंत्र होते. पहिला, “शुद्ध तूप असतं, भाषा नसते.” आणि दुसरा, “ऐकलेलं लिही. लिहिलेलं ऐकू नकोस.” दुसरा मंत्र त्यांनी कागदावर लिहून संगणकावर चिकटवलाही होता.

बाईंबरोबर गावाला जाणं म्हणजे वेळेवर घरी न पोचणं. एकदा पिंपरीच्या रस्त्याला वनखात्याची गाडी कर्ण्यावरून सांगत चालली होती, बिबट्या दिसलाय, उसाकडं एकट्यानं जाऊ नका. बाईंनी हात दाखवून गाडी थांबवली. गाडीतल्या माणसाला वाटलं, बाईंनी बिबट्या पाहिलाय. तो घाईनं खाली उतरला. “कुठं दिसला बाई?” बाई म्हणाल्या, “दिसला नाही. तुम्ही ‘बिबट्या’तला ‘ट्या’ फार गोड म्हणता. कर्णा बाजूला ठेवून परत म्हणा बघू.” त्या माणसानं उसाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि दोन्हींपासून जपून अंतर ठेवत तो शब्द म्हटला.

फायली साठत गेल्या आणि घोळही. कारण नावं बाई द्यायच्या, आणि बाईंना माणसं त्यांच्या घरी जे खाल्लं त्यावरून आठवायची. ‘पिंपरी थालीपीठ’, ‘बोरी हुरडा’, ‘बोरी हुरडा दुसऱ्यांदा’, ‘मासवडी, आजी रागावलेल्या’. विलास म्हणायचा, “बाई, ह्या फायली हायेत का हॉटेलातलं कार्ड?” बाई म्हणायच्या, “मला सापडतं ना?” त्यांनाही सापडायचं नाही. एखादा शब्द कोण कसा म्हणतं ते पाहायचं, तर एकेक फाईल उघडून ऐकत बसावं लागायचं. बाई दुपारभर ‘थालीपीठ’ धुंडाळायच्या आणि शब्द निघायचा ‘हुरड्या’त.

शेवटी विलासनं सूची करायचं मनावर घेतलं. पुस्तकाच्या मागे शब्दसूची असते ना, हा शब्द अमुक पानावर, तशीच. फक्त पानाऐवजी फाईल आणि त्यातलं सेकंद. त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम सगळ्या फायलींतल्या सगळ्या चौकटी वाचून काढणार, आणि आपण शब्द टाकला की तो कुठे कुठे, कुणी कुणी म्हटलाय ते समोर आणणार. बोट दाबलं की नेमका तेवढाच आवाज वाजणार. त्याआधी आम्हाला फायलींना माणसांसारखी नावं द्यावी लागली. बाई त्या आठवड्यात दुःखी होत्या. ‘मासवडी, आजी रागावलेल्या’ हे नाव तरी राहू द्या म्हणून त्यांनी बरीच गयावया केली.

सूची तयार झाली त्या दिवशी बाई ठेवणीतली नारायणपेठ नेसून आल्या. पेढे आणले. खालच्या दुकानदारांना वर बोलावलं. विलासनं विचारलं, “पहिला शब्द कुठला टाकू?” बाई म्हणाल्या, “आमी.” पुस्तकातलं ‘आम्ही’ आमच्याकडे बोलताना ‘आमी’ होतं, ‘तुम्ही’चं ‘तुमी’. मधला ‘ह’ गळून जातो. विलासनं शब्द टाकला आणि पडदा ओळींनी भरला. पहिल्या ओळीवर बोट दाबलं, तर बोरीचा एक म्हातारा आवाज म्हणाला, “आमी तवा लहान व्हतो.” दुसरीवर दाबलं, “आमी नाय गेलो.” तिसऱ्या ओळीवर कुणी बाई, “आमी बायामाणसं.” एकामागून एक घरं बोलायला लागली. बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. दुकानदारांनी पेढा तोंडात तसाच धरून विचारलं, “आन् ह्याचा उपयोग काय?” बाई म्हणाल्या, “पेढा खा.”

मग बाईंनी गंमत म्हणून ‘आम्ही’ शोधायला सांगितलं. आणि काय आश्चर्य, ‘आम्ही’सुद्धा निघाले. भरपूर निघाले. आणि सगळेच्या सगळे घोड नदीच्या पलीकडच्या गावांचे. अलीकडे ‘आमी’, पलीकडे ‘आम्ही’. जणू कुणी नदीवर बसून ‘ह’ अडवत होतं.

बाईंचे डोळे चमकले. त्या उठल्या, नकाशा काढला, घोड नदी निळ्या पेन्सिलीनं गिरवली. “पलीकडे ‘ह’ जिवंत आहे! इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही!” पुण्याला पुढच्याच आठवड्यात एक चर्चासत्र होतं, तिथे बाईंचं भाषण ठरलेलं होतं. विषय तिथल्या तिथे बदलला. दिवसभर त्या नदी, डोंगर, सोयरिकी, सगळ्यांची कारणं जोडत राहिल्या. मी पेढे संपवले. संध्याकाळी विलास न राहवून म्हणाला, “पर बाई, आमच्याकडं कुणी ‘आम्ही’ म्हनत नाय.”

“तू एकटा म्हणजे अख्खा आंबेगाव तालुका नव्हेस.”

“माझी चुलती हाय ना त्यात. ठकुबाई. ती ‘आमी’च म्हनती. जल्मापास्नं ऐकतोय.”

“फायलीत ‘आम्ही’ आहे.”

“फायलीत असंल.”

खरी गोष्ट साधी होती आणि ती आम्हाला तेव्हाच सुचायला हवी होती. नदीपलीकडच्या फायलींच्या चौकटी उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या दोन मुलींनी भरल्या होत्या. हुशार, नीटनेटक्या मुली. ऐकायला आलं ‘आमी’ तरी त्यांच्या हातून सवयीनं ‘आम्ही’ लिहिलं जायचं. पण तरी प्रश्न उरतच होता. त्या सगळ्या फायली बाईंनी तपासल्या होत्या. चौकटीगणिक ऐकून. प्रत्येकीखाली ‘तपासलं, प्र. को.’ होतं.

दुसऱ्या दिवशी विलासनं ठकुबाईंची फाईल उघडली. “आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो,” ठकुबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. ‘आमी’. शंकेला जागाच नाही. खाली चौकटीत लिहिलेलं, ‘आम्ही’. हेडफोन बाईंच्या कानांवर होते आणि आवाज इतका मोठा की तो मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. बाई पडद्याकडे बघत समाधानानं म्हणाल्या, “आम्ही. स्पष्ट आहे.”

विलासनं परत लावलं. “आम्ही,” बाई म्हणाल्या.

विलास माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. मग त्यानं टेबलावरचा कागद उचलला आणि पडद्याच्या खालच्या भागावर, लिहिलेल्या ओळींवर, धरला. आता नुसतं आवाजाचं चित्र दिसत होतं. त्यानं आवाज परत लावला.

बाईंनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. म्हणाल्या, “परत लाव.” त्यानं लावला. “परत.” त्यानं परत लावला. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलीचा भाव पाहिला. मग त्यांनी हेडफोन काढले, चष्मा कपाळावर चढवला, आणि चित्र मोठं करत करत त्या एका शब्दापर्यंत आल्या. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बघतात तसं त्यांनी ते पाहिलं. ‘म’नंतर श्वासाचा जो धुरकट पट्टा दिसायला हवा, तो नव्हता. ‘म’ संपत होता तिथेच ‘ई’ सुरू होत होती.

“इथे ‘ह’ नाही,” बाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं, “पण मला ऐकू आला होता.”

आणि आणखी थोड्या वेळानं, “मी ऐकत नव्हते. मी वाचत होते.”

त्या उठून गॅलरीत गेल्या. खाली टोमॅटोच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या, हॉर्नचा नुसता गदारोळ. बाई कठड्याला धरून बराच वेळ त्या गाड्यांकडे बघत होत्या. विलासनं संगणकावर चिकटवलेला तो मंत्राचा कागद नखानं सोडवायला घेतला. बाईंनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, “राहू दे तो. आता तर फारच राहू दे.”

आमच्या कुणाच्या कसं लक्षात आलं नाही, हे लोक अजून विचारतात. कसं येणार? दुसरं कुणी दर वाक्याला “परत म्हण” म्हणालं असतं तर घरच्यांनी कधीच कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं. बाई तर तरुणपणापासून तेच म्हणत होत्या. गोडीनं म्हटलेलं ‘परत म्हण’ कधी संपलं आणि गरजेनं म्हटलेलं कधी सुरू झालं, याची चौकट कुणालाच आखता आली नसती. मी विचारलं, “बाई, तुम्हालाही कळलं नाही?” त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, हल्लीची पोरं तोंड उघडून बोलत नाहीत. विलास तर मला वर्षभर नुसता पुटपुटल्यासारखा वाटतो.” विलास म्हणाला, “मी पुटपुटतोच बाई.” त्यावर बाई हसल्या, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

मंचरला कान तपासायला घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबायचं असतं. शेवटी तिथला मुलगा शब्द वाचून दाखवतो आणि ते परत म्हणायचे असतात. बाईंनी अर्ध्यातच त्याला थांबवलं. “हे शब्द कुणी निवडले? यातला एकही कुणी घरात बोलत नाही.” तो मुलगा म्हणाला, “आजी, तुम्ही फक्त ऐकू येतंय का ते सांगा.” बाई म्हणाल्या, “ऐकू येत नाही म्हणून तर वाचून दाखवायला आणलंय ना तुला? मग चांगले तरी वाच.” निकाल व्हायचा तोच झाला. बारीक, उंच पट्टीचे आवाज आणि श्वासाचे आवाज बरेचसे गेलेले. मशीन लावा, मदत होईल. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना गाडीत बाई सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या. नारायणगाव आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “‘ह’ म्हणजे नुसता श्वास असतो गं. इतकी वर्षं मुलांना शिकवलं. पहिला तोच जायचा होता.” मी त्यांचा हात धरला.

चर्चासत्राला जाऊ नये असं आम्ही दोघांनी सुचवून पाहिलं. विलास म्हणाला, “तब्येत बरी नाय म्हनून कळवू.” बाई म्हणाल्या, “तब्येत उत्तम आहे. कान बरे नाहीत. आणि कानांना कुणी बोलावलेलं नाही, मला बोलावलंय.”

त्या दिवशी बाईंनी जे केलं त्यात थोडा नाटकीपणा होता, हे मी कबूल करते. त्यांना तो आवडायचा. त्यांनी नकाशा पडद्यावर लावला. निळी घोड नदी दाखवली. अलीकडचे ‘आमी’, पलीकडचे ‘आम्ही’. सभागृहात माना डोलायला लागल्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ भराभरा लिहून घ्यायला लागले. बाईंनी त्यांना पुरतं लिहू दिलं आणि मग म्हणाल्या, “आणि यातला एकही ‘ह’ खरा नाही.” लोक हसले. त्यांना वाटलं, हा विनोद आहे. बाईंनी ठकुबाईंचा आवाज लावला, चित्र दाखवलं, चौकट दाखवली, खालचा शेरा दाखवला. “लिहिणाऱ्यांनी चूक केली, ती कुणाकडूनही होते. तपासणारीनं पकडायची असते. इथे तपासणारीला ऐकू येत नव्हतं, आणि तिनं ते स्वतःपासूनही लपवलं होतं. सूची फार प्रामाणिक असते. आपण तिला जे सांगितलं तेच ती आपल्याला परत सांगते. म्हणून सूचीवर विश्वास ठेवण्याआधी आपण तिला काय सांगितलं ते बघा.”

मागून कुणीतरी काहीतरी विचारलं. बाईंनी मान वळवली, कानामागे हात धरला आणि म्हणाल्या, “परत म्हणा. या वेळी खरंच ऐकू आलं नाही.” तेव्हा मात्र सगळे मोकळेपणानं हसले, आणि बाईही. विलास माझ्या शेजारी डोळे पुसत होता. मी विचारलं तर म्हणाला, “एसीचा वारा लागतोय.”

परत येऊन आम्ही कामाला लागलो. नदीपलीकडच्या सगळ्या फायली नव्यानं भरायच्या होत्या. मी भरायचे, विलास ऐकून तपासायचा, आणि बाई चित्र बघून तपासायच्या. त्यांचा शेरा बदलला. ‘पाहिलं, प्र. को.’ ‘तपासलं’ असं त्यांनी परत कधी लिहिलं नाही. चित्र वाचण्यात त्या इतक्या तरबेज झाल्या की आमच्या कानांच्याही चुका काढायच्या. मशीनबद्दल मात्र तक्रार होती. “यातून साडी सळसळलेली ऐकू येते, जिना करकरलेला ऐकू येतो. माणूस तेवढा टोमॅटो मार्केटमधून बोलल्यासारखा वाटतो.” पण ते लावल्याचा एक फायदा झाला. पहिल्याच आठवड्यात विलास काहीतरी पुटपुटला आणि बाई न वळता म्हणाल्या, “असं का? ‘म्हातारीला काय कळतंय’ काय? कधीपासून म्हणतोयस हे?” विलास त्या दिवशी जेवायला घरी गेला तो उशिरा परत आला.

बाईंनी आणखी एक हट्ट धरला. ज्यांचं बोलणं चुकीचं लिहिलं गेलं, त्यांना जाऊन सांगायचं. विलास म्हणाला, “त्यानला काय फरक पडतोय?” “त्यांना नसेल पडत. मला पडतो.” म्हणून आम्ही गाडी काढून नदीपलीकडच्या घराघरांत गेलो. लोक चहा पाजायचे, गोंधळून ऐकायचे आणि बाईंचीच समजूत काढायचे. एक आजोबा म्हणाले, “जरा बरं लिवलं आमचं, तर कुठं बिघडलं?” बाई त्यांच्याशी शुद्ध तुपावरून तासभर भांडल्या. निघताना त्यांनी बाईंना खरंच घरचं तूप बांधून दिलं.

ठकुबाईंकडे आम्ही शेवटी गेलो. माळावर मेंढरं बसली होती आणि ठकुबाई बाभळीच्या सावलीत लोकर निवडत होत्या. विलासनं वाटेत सांगितलं होतं, चुलतीलाही आता कमी ऐकायला येतं, जोरात बोला. बाईंनी त्या दिवशी मशीन लावलं नव्हतं. वाऱ्यात ते फार घरघरतं म्हणून पर्समध्ये टाकलं होतं. मी सवयीनं रेकॉर्डर सुरू करून दोघींच्या मध्ये ठेवला आणि आम्ही मेंढरांकडे गेलो. परत आलो तेव्हा दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या आणि गप्पा रंगात आल्या होत्या. मी विचारलं, “सांगितलंत का बाई?” बाई म्हणाल्या, “सगळं सांगितलं. तिनं माफही केलं. काय समजूतदार बाई आहे!” ठकुबाई विलासला म्हणाल्या, “ह्या मास्तरीनबाईची सून लई वंगाळ दिसतीया. बिचारी.”

ही शेवटची फाईल. त्यानंतरच्या हिवाळ्यात बाई गेल्या. पिंपरीच्या घरी, दुपारी जरा पडल्या होत्या, तशाच. भेटायला इतकी माणसं आली की अंगण पुरलं नाही. त्यांतल्या बहुतेकांचा आवाज आमच्याकडे होता.

ती फाईल भरायला आम्हाला बरेच दिवस धीर होईना. मग एकदा बसलो. बाई विचारतात, “तुमचं बोलणं आमच्याकडून चुकीचं लिहिलं गेलं, राग नाही ना आला?” ठकुबाई सांगतात, “न्हाई, यंदा पाला लई कमी हाय.” बाई म्हणतात, “तुम्ही मोठ्या मनाच्या.” ठकुबाई म्हणतात, “तर. धाकली सून काय ऐकतच न्हाई.” “नाही ना, मला ऐकूच येत नव्हतं.” “माजंबी त्येच म्हननं हाय.” सबंध दुपारभर असंच. एकाही प्रश्नाला त्याचं उत्तर मिळालेलं नाही आणि दोघींपैकी एकीचंही काही अडलेलं नाही. आम्ही हसत हसत चौकटी आखत होतो, आणि मध्येच दोघांपैकी कुणीतरी थांबायचं.

मग शेवटाकडे एक जागा येते. कशावरून ते कळत नाही, पण दोघी एकदम हसायला लागतात. दोन माणसांचे आवाज दोन वेगळ्या ओळींत लिहायचे असतात, म्हणून विलास त्या हसण्याची हद्द शोधत बसला. त्यानं चित्र मोठं केलं, परत ऐकलं, हेडफोन मला दिला. मीही ऐकलं. कुठलं हसू कुणाचं, ते ना कानाला वेगळं करता येत होतं ना डोळ्याला.

“काय करायचं?” मी विचारलं.

विलासनं दोन्ही ओळींवर मिळून एकच चौकट आखली आणि आत लिहिलं, ‘हसणं’. सूचीला ती चौकट वाचता येईना. एका चौकटीची माणसं दोन कशी, म्हणून ती अडून बसली. ती चौकट बदलायची नाही असं आम्ही ठरवलं. मग विलासनं प्रोग्रॅमच बदलला.